टीव्हीवरची ‘आधुनिक’ स्त्री बायकांना खरंच बळ देते का?

थोडंफार देते. पण बहुतेक मालिकांत तिचा पगार दिसतो, निर्णय दिसत नाही. ऑफिसात बॉस, घरी सासूसमोर मान खाली.

आम्हा नागपूरकरांना जवळचं उदाहरण म्हणजे ‘माझ्या नवऱ्याची बायको’ (२०१६ ते २०२१). राधिका आमच्या नागपूरची. आमच्या ढंगात बोलणारी बाई मोलकरीण किंवा विनोदी पात्र नसून चक्क नायिका होती, हेच आधी भारी वाटलं. तिने मसाल्यांचा व्यवसाय उभारला, तेही छान. पण कथा फिरत राहिली तिचा नवरा गुरुनाथ आणि त्याची प्रेयसी शनाया यांच्याभोवतीच. त्यात शनाया कशी, तर फॅशनेबल आणि स्वयंपाकाचा कंटाळा असलेली, म्हणजे वाईट! नागपूरच्या महाल भागात पापड-मसाले विकणारी माझी आत्या म्हणते, “अवं, उधारी वसूल करताना कोणी दाखवतच नाही ना तिले!”

मला विचाराल तर दूरदर्शनवरची १९८५ची ‘रजनी’ जास्त आधुनिक. प्रिया तेंडुलकरची ती गृहिणी साडीतच गॅस सिलिंडरवाल्यांशी, टॅक्सीवाल्यांशी भांडायची. नवऱ्याच्या लफड्याची तिला गरजच पडली नाही.