फोटो आहेत, पण किती ठिकाणी?

प्रश्न : फोन भरत आला की गूगल फोटोज ‘जागा मोकळी करा’ असं सुचवतं. ते दाबलं तरी फोटो क्लाउडवर राहतातच. मग वेगळा बॅकअप कशाला? (एक वाचक, नागपूर)

राहतात, पण तेवढीच एक प्रत उरते, आणि एकुलत्या एक प्रतीला बॅकअप म्हणता येत नाही. पुढे ॲपमध्ये नको असलेले फोटो निवडताना बोट चुकलं, तर तो फोटो 60 दिवस ट्रॅशमध्ये राहतो आणि मग कायमचा जातो. आयक्लाउड फोटोजमध्येही फोनवर पुसलेला फोटो आयपॅडवरून आणि मॅकवरूनही जातो. परत आणायला साधारण 30 दिवस मिळतात. सगळ्या उपकरणांवर एकच चित्र दिसावं म्हणून ही सोय केलेली आहे. त्यामुळे तुमची चूकही ती तितक्याच तत्परतेने सगळीकडे पोचवते.

आणखी दोन गोष्टी आजच तपासा. ॲपच्या सेटिंग्जमध्ये बॅकअपचा दर्जा ‘स्टोरेज सेव्हर’ असेल, तर 16 मेगापिक्सेलपेक्षा मोठे फोटो लहान होतात आणि फोर-के व्हिडिओ 1080पी होऊन बसतात. फोनमधली मूळ प्रत पुसल्यावर ते नुकसान भरून निघत नाही. दुसरं, कॅमेऱ्याचं फोल्डर आपोआप चढतं, पण व्हॉट्सॲपचं फोल्डर तुम्ही स्वतः चालू केल्याशिवाय चढत नाही. बारशाचे, मुंजीचे निम्मे फोटो नातेवाइकांकडून तिथेच आलेले असतात.

क्लाउडवरचे फोटो घरी उतरवायला गूगल टेकआउट वापरा. त्यात गूगलच्या सेवांची यादी दिसते. आधी तिच्यातल्या सगळ्या खुणा काढा, फक्त गूगल फोटोज निवडा आणि झिप फाइलचा आकार 10 जीबी ठेवा. 50 जीबीची फाइल मध्येच तुटली तर पुन्हा पहिल्यापासून उतरवावी लागू शकते. फाइल उतरवण्याची लिंक ईमेलने येते, ती आठवडाभरच चालते. झिप उघडल्यावर फोटोंशेजारी जेसन नावाच्या बारीक फाइली दिसतील. कचरा समजून त्या उडवू नका. कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोची तारीख फोटोतच असते, पण व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोतून ती गळालेली असते, आणि ॲपमध्ये तुम्ही हाताने दुरुस्त केलेली तारीख किंवा मजकूर त्या जेसनमध्येच सापडतो.

प्रश्न : एक टीबीची हार्ड डिस्क घेऊन सगळे फोटो तिच्यात टाकले. एसएसडी घ्यायला हवी होती का? आणि आमच्याकडच्या दमट हवेत ती टिकेल का? (एक वाचक, चिपळूण)

कपाटात ठेवायला हार्ड डिस्कच बरी. एसएसडी आणि पेनड्राइव्हमध्ये माहिती विद्युतभाराच्या रूपात असते. वर्षानुवर्षं वीज न मिळता, त्यातून उष्ण जागी पडून राहिल्यास तो भार झिरपतो. रोजच्या ने-आणीला एसएसडी उत्तम, कारण पडली तरी आत फिरणारं काही नसतं. हार्ड डिस्क मात्र चालू असताना हातभर उंचीवरून पडली तरी संपू शकते. विंडोज एक टीबीऐवजी 931 जीबी दाखवतं, त्यात फसवणूक नाही, मोजण्याची रीत वेगळी आहे. पण ‘दोन टीबी’चा पेनड्राइव्ह कवडीमोलाने मिळत असेल तर तो बहुधा खोटाच. तो भरल्यासारखा दिसतो आणि जुन्या फोटोंवर नवे लिहीत जातो.

कॉपी करण्याची पद्धत सांगतो. फोन केबलने संगणकाला जोडा, ‘फाइल ट्रान्सफर’ निवडा, डीसीआयएम हे कॅमेऱ्याच्या फोटोंचं फोल्डर उघडा. कट करू नका, कॉपीच करा. मध्येच केबल हलली तर कट केलेली फाइल दोन्हीकडे अर्धवट राहू शकते. हजार-हजार फोटोंचे गठ्ठे करा, कारण या जोडणीत मोठी कॉपी हमखास अडकते. मग संगणकावरून डिस्कवर नेताना फ्रीफाइलसिंक हा दोन फोल्डर जुळवणारा प्रोग्राम वापरा आणि ‘अपडेट’ हा पर्याय निवडा. ‘मिरर’ निवडलात तर संगणकावर पुसलेलं डिस्कवरूनही पुसलं जाईल, आणि नागपूरच्या वाचकांची अडचण तुमच्या घरात येईल. कॉपी झाली की तुलना ‘फाइल कंटेंट’वर ठेवून पुन्हा चालवा. वेळ लागतो, रात्री लावून झोपा. नुसती फाइलींची संख्या जुळली म्हणजे आतला मजकूर जुळला असं नाही. शेवटी ‘सेफली रिमूव्ह’ करून मगच केबल काढा.

दमटपणाचा पहिला फटका आतल्या तबकड्यांपेक्षा बाहेरच्या जोडणीला आणि सर्किट बोर्डाला बसतो. डिस्क झिपच्या पिशवीत, पिशवी घट्ट झाकणाच्या डब्यात, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या. रंग बदलणारं जेल घ्या, म्हणजे ओल कधी भरली ते कळतं. निळं टाळा, त्यात कोबाल्ट असतं, नारिंगी घ्या. एसी खोलीतून डिस्क बाहेर आणली तर पिशवीतच तासभर राहू द्या, नाहीतर गार धातूवर पाणी धरतं आणि तशीच वीज दिली की शॉर्ट होऊ शकते. वर्षातून दोनदा, एकदा पावसाळ्याआधी आणि एकदा नंतर, डिस्क जोडून क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये बघा. पिवळं ‘कॉशन’ दिसलं किंवा ‘करंट पेंडिंग सेक्टर’ (डिस्कला नीट वाचता न आलेले भाग) शून्याच्या वर गेलं, तर त्याच दिवशी नवी डिस्क आणा. दुरुस्तीच्या नादी लागू नका.

आणि डबा कितीही घट्ट असला तरी जुलै 2021चा पूर तुमच्या गावाने पाहिलेला आहे. त्याच कपाटात दुसरी डिस्क ठेवून उपयोग नाही. ती पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांकडे असू द्या आणि गणपतीत किंवा मे महिन्यात जाणंयेणं होतं तेव्हा अदलाबदल करा. तिच्यावर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं पासवर्डचं कुलूप, लावणार असाल तर रिकव्हरी की कागदावर लिहून वेगळ्या ठिकाणी ठेवा. पासवर्ड विसरलात आणि ही कीही हरवली, तर फोटो कोणालाच उघडता येणार नाहीत, तुम्हालाही.

प्रश्न : 2004-05मधल्या लग्नाच्या सीडींवर पांढरे डाग आलेत. पुसाव्यात का? (एक वाचक, पुणे)

पुसा, पण गोल फिरवत नको. मऊ सुती कापड किंचित ओलं करून मधून कडेकडे सरळ रेषेत. छापील बाजूला मात्र जास्त जपा : सीडीत माहितीचा थर लेबलच्या लगेच खाली असतो, तिथला ओरखडा खालच्या बाजूच्या ओरखड्यापेक्षा घातक. एका ड्राइव्हला वाचता आली नाही तर दुसऱ्या कंपनीच्या ड्राइव्हमध्ये लावून बघा, बरेचदा चालते. वाचता आली की लगेच हार्ड डिस्कवर घ्या. नव्या सीडीवर उतरवण्यात अर्थ नाही.

प्रश्न : कॅमेऱ्याचं कार्ड चुकून फॉर्मॅट झालं. (एक वाचक, म्हापसा)

कार्ड ताबडतोब काढा, त्यावर एकही नवा फोटो काढू नका. साध्या फॉर्मॅटने बहुधा फक्त यादी पुसली जाते, फोटो जागेवरच असतात, पण नवं लिहिलं की त्यावर चढतं. फोटोरेक हा फुकट प्रोग्राम संगणकावर चालवा आणि सापडलेले फोटो त्याच कार्डावर नव्हे, संगणकाच्या डिस्कवर उतरवा. मूळ फाइलींची नावं आणि फोल्डर परत मिळत नाहीत. फोटोतल्या तारखेवरून लावून घ्यावे लागतील.