राजीनामा नंतर, आधी वही

आठ वर्षं अकाउंट्समध्ये झाली, रविवार संध्याकाळपासूनच पोटात गोळा येतो, आणि 'माझी खरी आवड कोणती' हे काही केल्या सापडत नाही, असं तुम्ही लिहिलंय. आवडीचं तूर्त राहू द्या. मी तिच्या मागे दोन वर्षं घालवली, हाती काही लागलं नाही.

कंटाळा कामाचा आलाय की जागेचा, ते आधी बघा. मी एक वही घातली होती. ऑफिसातून निघताना दोन ओळी लिहायच्या: आज वेळ कधी भुर्रकन गेला आणि घड्याळाकडे कधी बघत बसलो. तीन आठवड्यांनी वाचली आणि चाटच पडलो. आकड्यांचा वैताग आलाय असं मी जगाला सांगत होतो. वहीत आकड्यांबद्दल तक्रार जवळपास नव्हतीच. तक्रार होती एकच रिपोर्ट तिघांच्या सहीसाठी फिरवत बसण्याची. आणि 'वेळ भुर्रकन गेला' खाली पाच वेळा एकच नोंद: नवीन आलेल्या मुलाला सॉफ्टवेअर शिकवलं. (ज्याला मी तोंडाने कटकट म्हणायचो!)

हॅकमन आणि ओल्डहॅम या अभ्यासकांनी १९७० च्या दशकात कामाच्या समाधानामागच्या पाच गोष्टी मांडल्या: वेगवेगळी कौशल्यं वापरायला मिळणं, एखादं काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत आपल्या हातून होणं, त्याचा कुणाला तरी उपयोग होणं, स्वतः ठरवण्याची मुभा, आणि आपलं काम कसं होतंय ते कळणं. यातलं तुमच्याकडे काय नाही? फक्त मुभा नसेल, तर कधीकधी विभाग बदलूनही भागतं. आणि सगळंच नकोसं वाटत असेल, तर आधी सुट्टी घ्या. थकलेल्या डोक्याला कुठलंच क्षेत्र बरं दिसत नाही.

मग माणसं गाठा, पण जवळचे मित्र नकोत. त्यांना माहीत असतं ते बहुतेक तुम्हालाही माहीत असतं. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्येच दाखवलं होतं, की ओळखीतून नोकरी मिळालेल्या बहुतेकांना ती क्वचित किंवा अधूनमधून भेटणाऱ्यांकडून कळली होती. जुना सहकारी, मागे सोडून गेलेला साहेब, असे लोक. त्यांना 'फील्ड कसं आहे' विचारू नका, 'छान आहे' एवढंच ऐकायला मिळेल. 'काल दिवसभर काय काय केलंत' असं विचारा.

मी चार महिने शनिवारी एका क्लासवर शिकवून पाहिलं. शिकवणं आवडलं, पेपर तपासणं अजिबात नाही. म्हणून शिक्षक न होता सॉफ्टवेअरचा ट्रेनर झालो. हे नोकरीत राहून कळलं, म्हणून स्वस्तात कळलं.

पगार कमी होणार होता. तेव्हा जुना पगार चालू असतानाच नव्या पगाराएवढ्याच पैशांत घर चालवायला घेतलं, उरलेले वेगळ्या खात्यात. दुसऱ्याच महिन्यात त्या खात्याला हात लावावा लागला. राजीनामा पाच महिने पुढे ढकलला.