‘तो मला सिस्टरांचाच वाटतो’

“मॅडम, बाळ घरी आलंय, पण हात लावायची भीती वाटते.” गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंतच्या आया माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात आणि थोड्या वेळातच हे वाक्य येतं. बाळ ३७ आठवड्यांच्या आधी जन्मलेलं, काचेच्या पेटीत राहिलेलं. वजन वाढलं, डॉक्टरांनी घरी सोडलं, पेढेही वाटून झाले. आणि आई पाळण्याजवळ नुसती उभी. त्यात घरात तेल-मालिशवरून वाद. अशा कितीतरी जणींचं बोलणं इथे एकीच्या तोंडी घातलं आहे, तपशील बदलून.

ती डिचोलीच्या बाजूची. बाळ ३२व्या आठवड्यात झालं, दीड किलोचं. सासूबाई सोबत आल्या होत्या आणि आधी त्याच बोलल्या.

“आमच्याकडे बाळाला तेल लावून न्हाऊ घालायला बाई येते. माझी तिन्ही मुलं तिच्याच हाताखालून गेली. हिला ते नको, आणि ही स्वतःही बाळाला घेत नाही. पाजलं की लगेच खाली ठेवते.”

“हाडं मोडतील असं वाटतं,” ती म्हणाली. बाळ नाजूक आहे हे कारण सगळ्याच देतात, आणि ते खोटं नसतं. पण मी तिथे थांबत नाही. पुढच्या भेटींत मी तिला दवाखान्यातल्या दिवसांबद्दलच विचारत राहिले.

“पेटीजवळ गेल्यावर काय करायचीस?”

“हात धुवायचे. सिस्टरना विचारायचं. मग त्या गोल खिडकीतून एक बोट आत घालायचं. मशीन वाजलं की बोट बाहेर.”

“मशीन कशामुळे वाजायचं?”

“मी हात लावला म्हणून.”

हे ती इतक्या सहज म्हणाली की सासूबाईंनी चमकून तिच्याकडे पाहिलं. बाळ हललं, मशीनला जोडलेली पायाची पट्टी सरकली, तरी ते वाजतं. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा श्वास मधेच क्षणभर थांबतो, तेव्हाही वाजतं. सिस्टर येऊन पट्टी नीट करून जायच्या. हिच्या मनाने मात्र धडा घेतला: माझ्या स्पर्शाने याला त्रास होतो. प्रेम आटलेलं नव्हतं, तिचे हात घाबरले होते.

“तो मला सिस्टरांचाच वाटतो,” ती रडत म्हणाली. “मी नुसती राखण करते.”

मी तिला समजावत बसले नाही. एकच विचारलं, “त्याचं असं काय आहे, जे फक्त तुला ठाऊक आहे?”

बराच वेळ गेला. “रडायच्या आधी त्याच्या भुवया लाल होतात. आधी उजवी.”

“खरंच?” सासूबाई पुढे वाकल्या. “मी नाही बघितलं कधी.”

त्या घरात बाळाबद्दल सासूने सुनेला विचारलेला तो पहिला प्रश्न असावा. माझ्या कामाचं समाधान मला अशा जागी मिळतं. ती राखण करत नव्हती, बाळ वाचत होती, कोणत्याही यंत्राहून बारकाईने.

मी विनिकॉट यांना मानणारी. ते बालरोगतज्ज्ञही होते आणि मनोविश्लेषकही. बाळाला आई धरते, पण आईला कोणी धरलेलं असेल तरच, हे मी त्यांच्याकडून घेतलं. म्हणून सासूबाईंना सांगितलं, “बाईला येऊ द्या. पण तिला सुनेच्या अंगाला तेल लावू दे. बाळाला सून लावील.” त्या आधी बुचकळ्यात पडल्या, मग हसल्या. वाद तिथेच मिटला.

त्याआधी मात्र त्वचेला त्वचा, म्हणजे बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरणं. १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोता शहरात पेट्या अपुऱ्या पडत होत्या, तेव्हा डॉक्टरांनी बाळं आयांच्या छातीशी बांधायला सुरुवात केली. आज जागतिक आरोग्य संघटना हे सर्व अपुऱ्या दिवसांच्या आणि कमी वजनाच्या बाळांसाठी सुचवते, दिवसाला ८ ते २४ तास. एवढ्या तासांनी दचकू नका. एका बैठकीला निदान तासभर द्या, आणि बाबा, आजी यांनाही पाळी घेऊ द्या. बाळाला फक्त लंगोट, टोपी, मोजे. छातीवर उभं, पाय बेडकासारखे दुमडलेले, मान एका कुशीला आणि किंचित वर, नाक-तोंड मोकळं. वरून मऊ सुती साडी गुंडाळायची. घट्ट, पण श्वास अडणार नाही इतपत. तुम्हाला डुलकी येत असेल तर बाळ खाली ठेवा. बाळ अडीच किलोच्या आसपास आलं की स्वतःच चुळबुळ करून बाहेर येऊ बघतं, तेव्हा थांबवा.

मालिश डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच. आपलं साधं, शुद्ध खोबरेल पुरे, मोहरीचं नको. पाजल्यावर लगेच नको. पंखा बंद, हात ऊबदार. तळहाताने संथ, थोडा दाब देऊन फिरवा, कारण अगदी हलक्या स्पर्शाने बाळाला गुदगुल्या होतात. हात-पाय ओढणं, डाळीच्या पिठाने घासणं, नाका-कानात तेल सोडणं, हे काहीही नको. धुरी तर अजिबात नको, त्या फुप्फुसांना धूर सोसत नाही. बोटं फाकली, उचकी लागली, तोंड फिरवलं, तर ‘पुरे’ असं बाळच सांगतंय. आजचं तेवढंच.

आईला दोन आठवड्यांहून जास्त काळ उदास वाटत असेल, बाळ झोपलं तरी झोप येत नसेल, तर डॉक्टरांशी बोला. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन केला तरी चालेल. स्वतःला किंवा बाळाला इजा करावी असे विचार आले, तर एक दिवसही थांबू नका. आणि बाळ दूध ओढेनासं झालं, ऊब देऊनही गार लागलं, श्वास मिनिटाला ६० च्या वर गेला, बरगड्यांखाली खड्डा पडू लागला किंवा ओठ निळसर दिसले, तर थेट दवाखाना गाठा. माझ्याकडे त्यानंतर या.