ऑगस्टचा हप्ता आणि सेशेल्सची बोट

तारकर्लीहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय 44, समुद्राजवळ सहा खोल्यांचा होमस्टे, हंगामात डॉल्फिन दाखवायला स्वतःची बोट, खर्च वजा जाता वर्षाला साधारण नऊ लाख हातात. पुढच्या जुलैत स्वतः, बायको, मुलगा, मेहुणे, त्यांची पत्नी आणि मुलगी अशा सहा जणांनी सेशेल्समध्ये शिडाची कॅटामरान (दोन सांगाड्यांची बोट) आठवडाभर भाड्याने घ्यायची आहे. कोटेशन 6,000 युरोचं. या महिनाअखेरपर्यंत निम्मे भरले तर दहा टक्के सूट. प्रश्न असा: "उरलेली चार लाखांची ठेव मोडून अॅडव्हान्स भरू का? बाकी खर्चाला पर्सनल लोन घेतो. तिसऱ्या वर्षी पॉलिसीचे वीस लाख येतील, त्यातून ते फेडेन."

अॅडव्हान्स भरू नका. पत्रातल्या प्रश्नाचं उत्तर एवढंच. आता त्या वीस लाखांकडे वळू, कारण ते येणार नाहीत.

तुम्ही लिहिता की गेल्या ऑगस्टमध्ये बँकेतल्या अधिकाऱ्यांनी "ठेवीपेक्षा चांगलं काहीतरी" सुचवलं. तीन वर्षं पाच-पाच लाख भरा, पंधराचे वीस होतील, मग काढून घ्या. नऊ लाखांच्या ठेवीतले पाच तिथेच वळते झाले. पण तुम्ही सोबत पाठवलेल्या लाभाच्या तक्त्यावर वेगळंच छापलंय. हप्ते भरण्याची मुदत 10 वर्षं, पॉलिसीची मुदत 15 वर्षं, विमा रक्कम 50 लाख, शेवटी हातात 82 लाख. तीन वर्षांचा उल्लेख त्या कागदावर कुठेही नाही. त्याखाली तुमची सही मात्र आहे.

82 हा आकडा भुलवतो. दरवर्षी पाच असे दहा हप्ते भरून पंधराव्या वर्षाअखेर 82 मिळणं म्हणजे वर्षाला जेमतेम पावणेपाच टक्के. पीपीएफ 7.1 टक्के देतं आणि तेही करमुक्त. तुमचं होमस्टेचं 14 लाखांचं कर्ज साडेदहा टक्क्यांनी चालू आहे. साडेदहाने घेतलेले पैसे फेडायचे सोडून पावणेपाचने गुंतवायचे, याला गुंतवणूक म्हणवत नाही. "कर वाचेल" असंही सांगितलं म्हणता. नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर शून्य आहे, तुमचं नऊ. जो कर लागतच नाही तो वाचवायला पाच लाख भरलेत.

यापेक्षा मोठी चूक हप्त्याच्या तारखेत आहे. हप्ता ऑगस्टचा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत तारकर्लीत गल्ला जवळपास बंद असतो. कर्जाचा हप्ता 30 हजार, घरखर्च 50, दोन माणसांचे पगार 20, म्हणजे महिन्याला एक लाख आणि चार महिन्यांचे चार लाख. तुम्ही मोडायला निघालेली ठेव नेमकी चार लाखांची आहे. ही ठेव म्हणजे तुमचा पावसाळा आहे, शिल्लक नव्हे. नऊ लाख होते तेव्हा एक पावसाळा निघून वर पाच उरत, छप्पर उडालं किंवा बोटीचं इंजिन बसलं तर उपयोगी पडणारे. ते पाच गेलेच. आता धंदा बंद असलेल्या महिन्यात दरवर्षी पाच लाख उभे करायचे म्हटलं तर तिसऱ्या हप्त्याला सोनं गहाण पडेल. पॉलिसी विकणाऱ्याला तुमचा हंगाम माहीत नव्हता असं समजू नका. खातं त्याच शाखेत आहे, जमेचे आकडे त्याच्यासमोर होते.

"पहिले पाच बुडतील" या भीतीने दुसरा हप्ता भरू नका. हिशेब करू. 1 ऑक्टोबर 2024 पासून विकलेल्या अशा पॉलिसींना एका वर्षाचा पूर्ण हप्ता भरून वर्ष पार पडलं की काहीतरी सरेंडर रक्कम, म्हणजे पॉलिसी मुदतीआधी सोडल्याचे पैसे, मिळते. आधी त्यासाठी दोन वर्षांचे हप्ते लागत. तुमच्या तक्त्यावरून माझा अंदाज तीन लाखांच्या आसपासचा आहे. नेमका आकडा विमा कंपनीकडून लेखी मागवा, शाखेत तोंडी विचारू नका. म्हणजे तोटा दोन लाखांचा. तो झालेला आहे, फक्त अजून दिसत नाही. आता हे तीन लाख आणि पुढचे नऊ हप्ते एवढेच पैसे धरून परतावा काढला तरी तो सव्वापाच टक्क्यांच्या घरात राहतो. दोन लाख वाचवण्यासाठी 45 लाख अडकवू नका.

पण सरेंडरच्या अर्जावर सही करण्याआधी दोन गोष्टी. पहिली, आज तुमच्यावर 50 लाखांचं जे विमा संरक्षण आहे ते याच पॉलिसीचं. कर्ज 14 लाखांचं, मुलगा शाळेत. म्हणून आधी एक कोटीचा निव्वळ टर्म विमा, म्हणजे फक्त मृत्यूनंतर पैसे देणारा, घ्या. तुमच्या वयाला, तंबाखू-सिगारेट नसेल तर, वर्षाला पंचवीस हजारांच्या आसपास पडेल. वैद्यकीय तपासणी होऊन पॉलिसी हातात आली की मगच जुनी सोडा. वार्षिक हप्त्याची तारीख उलटली तरी 30 दिवसांची सवलत असते, तेवढा वेळ पुरेल.

दुसरी, तक्रार. फ्री-लूकचे, म्हणजे पॉलिसी न आवडल्यास परत करण्याचे, 30 दिवस केव्हाच उलटले, पण फसवून विकल्याची तक्रार करता येते आणि तीत पूर्ण हप्ता परत मागता येतो. तुमच्याकडे दोन चांगले पुरावे आहेत. अधिकाऱ्याने व्हॉट्सअॅपवर पाठवलेला "5+5+5 = 20" लिहिलेल्या चिठ्ठीचा फोटो, तो जपून ठेवा. दुसरा तुम्हाला अजून दिसलेला नाही: प्रपोजल फॉर्म, म्हणजे पॉलिसीसाठी भरलेला अर्ज. त्याची प्रत मागवा आणि वार्षिक उत्पन्नाच्या रकान्यात काय भरलंय ते पाहा. नऊ लाखांच्या माणसाला पाच लाखांचा हप्ता बसत नाही, म्हणून तिथे वीस-पंचवीस लाख लिहिलेले सापडले तर नवल नाही. पडताळणी कॉलचं रेकॉर्डिंगही मागा. "सगळ्याला हो म्हणा" असं तुम्हाला आधी सांगितलं होतं, त्यामुळे ते तुमच्या विरोधात जाईल, पण त्यात मुदत कशी सांगितली ते तरी कळेल. तक्रार आधी विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे, प्रत बँकेला. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा नकार आला तर विमा लोकपाल. सिंधुदुर्गासाठी पुण्याचं कार्यालय. फी नाही, वकील लागत नाही. मात्र तक्रारीचा निकाल लागेपर्यंत सरेंडरचे पैसे घेऊ नका. घेतले की प्रकरण मिटलं असं म्हणायला कंपनी मोकळी.

आता बोट. हौस चांगली आहे आणि ती भागू शकते. तुमचा अंदाज तेवढा चुकलाय. 6,000 युरो म्हणजे सहा लाख, दोन कुटुंबांत तीन-तीन, वर विमान, असं तुम्ही धरलंय. युरो 105 रुपये धरला तर नुसती बोटच सव्वासहा लाख. दिवसाला 200 युरो दराने स्किपर, म्हणजे बोट चालवणारा कप्तान, सात दिवसांचा दीड लाख. डिझेल, शेवटची साफसफाई, मुरिंग (बोट नांगरून ठेवायचं भाडं), राष्ट्रीय उद्यानांची फी मिळून पाऊण लाख. किराणा सव्वा लाख. सेशेल्समध्ये बहुतेक वस्तू बाहेरून येतात, तेव्हा मसाले आणि डाळ-तांदूळ घरून न्या, नेता येतं का ते तिथल्या नियमांत पाहून. मुंबई ते माहे (सेशेल्सचं मुख्य बेट) तिकिटं सहा जणांची पावणेतीन लाख. बोटीच्या आधी-नंतरची हॉटेलं आणि प्रवास विमा लाखभर. बेरीज साडेतेरा लाख, कुटुंबामागे पावणेसात.

स्किपर नको, मी बोट चालवतो, असं म्हणाल. डॉल्फिन सफरीचा तुमचा परवाना इंजिनाच्या बोटीचा आहे. चाळीस फुटी शिडाची बोट विनास्किपर देताना कंपनी आयसीसी (बोट चालवण्याच्या क्षमतेचा आंतरराष्ट्रीय दाखला) किंवा आरवायए (ब्रिटनची रॉयल यॉटिंग असोसिएशन) डे स्किपरसारखं प्रमाणपत्र मागते, शिवाय आधी कुठे, किती मैल, कुठल्या बोटीवर शीड चालवलं त्याची यादी. ते नसेल तर स्किपर घ्यावाच लागतो, आणि तो एक केबिन घेतो. चार केबिनमध्ये दोन जोडपी, दोन मुलं आणि स्किपर, बोट भरली. "आणखी एक जोडपं आलं तर खर्च तीन कुटुंबांत" हे तुमचं गणित त्यामुळे बसत नाही.

अनामत 4,000 युरोची, म्हणजे सव्वाचार लाख, क्रेडिट कार्डावर अडकवून ठेवतात. तुमच्या कार्डाची मर्यादा दीड लाख आहे. बोटीच्या ताब्यासाठी जेटीवर उभं राहून बँकेला फोन लावण्यापेक्षा हे आधी पाहायला हवं. डॅमेज वेव्हर, म्हणजे नुकसानीची जबाबदारी कमी करणारी जादा फी, घेतलं तर अनामत कमी होते, पण ते पैसे परत मिळत नाहीत.

जुलैही बदला. तुमचा धंदा तेव्हा बंद असतो हे खरं, पण मे ते सप्टेंबर तिथे आग्नेयेचे व्यापारी वारे जोरात असतात. माहे ते शेजारचं प्रालँ बेट हे पंचवीसेक सागरी मैल त्या लाटांतून कापताना घरची मंडळी बादली धरून बसतील. समुद्र शांत होतो तो एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरच्या सुमारास, वारे पालटताना. एप्रिल तुमच्या हंगामात जातो. राहिला गणपतीनंतरचा, नवरात्रापूर्वीचा पंधरवडा. पितृपक्षात तारकर्लीला पाहुणे नसतात आणि तो सप्टेंबरच्या शेवटाकडे आला तर सेशेल्सचा वारा तोवर ओसरायला लागलेला असतो. घरात चालणार असेल तर तीच वेळ धरा. जुलैच हवा असेल तर इंडोनेशियातलं कोमोडो बघा. तेव्हा तिथे कोरडा ऋतू असतो, लाबुआन बाजो या बंदरातून फिनिसी नावाच्या पारंपरिक लाकडी बोटी दोन-तीन दिवस फिरवतात, केबिनप्रमाणे पैसे घेतात आणि खलाशी त्यांचेच. तिघांचं सगळं तीन-साडेतीन लाखांत बसतं.

सेशेल्सच करायचं तर तीन हंगाम थांबा. रुपया घसरेल, म्हणून कुटुंबामागे साडेसात लाख धरा. ऑक्टोबर ते मे, आठ महिने, महिन्याला 29 हजार बाजूला टाकले तर वर्षाचे सव्वादोन लाखांच्या वर जातात आणि तीन हंगामांत व्याजासकट साडेसात होतात. आवर्ती ठेव उघडू नका, पावसाळ्यात हप्ते चुकतील आणि दंड पडेल. दर महिन्याला स्वतंत्र मुदत ठेव करा. पॉलिसीतून परत येईल ते मात्र यात घालू नका, त्यातून आधी पावसाळ्याची ठेव पुन्हा नऊ लाखांवर न्या. दहा टक्के सूट नुसत्या बोटीवर असते, 600 युरो म्हणजे साठेक हजार. अशा सवलती दरवर्षी निघतात.

बुकिंग कराल तेव्हा मेहुण्यांचा अर्धा वाटा आधी खात्यात घ्या. करारात साधारणपणे निघण्याच्या साठ दिवस आधी उरलेली रक्कम भरायची असते, आणि त्यानंतर रद्द केलं तर काही परत मिळत नाही. पासपोर्टांची मुदत त्या तारखेआधी तपासा.