जुन्या अॅम्बेसेडरच्या बॉनेटखाली दोन पाइप सुटे लोंबताहेत: एक बारीक, एक जाड. कुठले असतील? (मडगाव, मार्क टू, पेट्रोल)

बारीक पाइप बहुधा कार्ब्युरेटरकडून (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगांना ठिणगी वाटणारा भाग) बशीसारख्या डबीत जाणारा व्हॅक्यूमचा. जाड तो इंजिनावरच्या टॅपेट कव्हरपासून एअर फिल्टरला जाणारा ब्रीदर, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर नेणारा. 1489 सीसीच्या या इंजिनात ड्रायव्हरच्या सीटवरून पाहता कार्ब्युरेटर डावीकडे, डिस्ट्रिब्युटर उजवीकडे, म्हणून बारीक पाइप इंजिन ओलांडून जातो. डिस्ट्रिब्युटरची कॅप काढा, बारीक पाइप डबीला जोडा आणि त्याच्या दुसऱ्या टोकाने तोंडाने हवा ओढा: आतली प्लेट किंचित फिरली तर डबी शाबूत. पेट्रोलचा वास आला तर मात्र तोंड लावू नका. जुनं झालं की रबर तडकतं, तेव्हा टोकं कापून बघा. इंजिनाच्या डाव्या अंगाने खाली जमिनीकडे जाणारी नळी मात्र उघडीच असते, ती कशाला जोडू नका. डिझेल इंजिन बसवलेलं असेल तर यातलं कार्ब्युरेटर-डिस्ट्रिब्युटरचं काही लागू नाही.