लांबून येणारं टाळू की मांस कमी करू?

प्रश्न: कार्बन फूटप्रिंट (म्हणजे माझ्यामुळे हवेत जाणारे, पृथ्वी तापवणारे वायू) कमी करायचा म्हणून मी ठरवलंय की जवळपास पिकलेलंच खायचं. मैत्रीण म्हणते जवळ-लांब सोड, आधी मांस कमी कर. कोणाचं खरं?

उत्तर: मैत्रिणीचं, बऱ्यापैकी. लोकल घेऊच नका असं नाही हं, पण ट्रक आपल्याला डोळ्यांना दिसतो आणि गायीचा ढेकर दिसत नाही ना, तिथेच घोळ होतो. गाय-मेंढी रवंथ करतात तेव्हा पोटात मिथेन तयार होतो, तो १०० वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या जवळपास २८ पट तापवतो, वर चारा, खत, जंगलतोड हे सगळं आलंच. २०१८ साली ११९ देशांतल्या सुमारे ३८,७०० शेतांचा डेटा घेऊन एक मोठा अभ्यास झाला, त्यावरून बीफच्या एकूण उत्सर्जनात वाहतुकीचा वाटा १ टक्क्याहून कमी निघतो. डाळी-वाटाणे जहाजाने आले तरी कितीतरी हलके.

विमानाने येणारं मात्र टाळाच, नाजूक बेरी वगैरे. आणि टोमॅटो शेजारचाच पण हीटर लावलेल्या ग्रीनहाउसमधला असेल तर लांबून, उन्हात वाढून आलेला परवडू शकतो, म्हणून सीझन बघा. एकदम सगळं सोडू नका, आठवड्यातले दोन-तीन दिवस मांसाऐवजी कडधान्य खा. आणि हो, चीजही मोजा, किलोमागे त्याचं उत्सर्जन चिकनपेक्षा जास्त पडतं, हे बऱ्याच शाकाहारी मंडळींना ऐकायला आवडत नाही.