आत्मचित्रासमोर उभं राहताना

प्रश्न : व्हॅन गॉगच्या १८८९च्या निळसर आत्मचित्राचं रसग्रहण लिहायचं आहे, पण ‘मनातलं वादळ’ यापलीकडे काही सुचत नाही. त्याला प्रतिसाद म्हणून स्वतःचं एक चित्रही करायचं आहे. सुरुवात कशी करू?

उत्तर : ‘वादळ’ तूर्त बाजूला ठेवा; ते चरित्रातून आलंय, चित्रातून नव्हे. पॅरिसच्या ओर्से संग्रहालयातलं हे तैलचित्र सुमारे ६५ बाय ५४ सेंटिमीटरचं आहे. साधारण त्याच प्रमाणात १२ बाय १० सेंटिमीटरची चौकट आखा आणि पेन्सिलीने फक्त कुंचल्याच्या फटकाऱ्यांच्या दिशा टिपा. चेहरा ओळखू आला नाही तरी चालेल. पार्श्वभूमीतले फटकारे वळसे घेतात, कोटावरही तीच वळणं उतरतात; चेहऱ्यावर मात्र ते आखूड आहेत, गाल-कपाळाच्या उंचसखलपणाला धरून चालणारे. आता मूळ चित्राच्या प्रतीवर पार्श्वभूमी कागदाने झाका. उरलेला चेहरा स्थिर, जवळजवळ कठोर दिसतो. खळबळ आहे ती त्याच्याभोवती. तुमच्या लेखाचा मुद्दा इथून निघेल. ‘वेदनामय’ असं विशेषण लिहिलंत, तर ते कॅनव्हासच्या कुठल्या भागावरून, हेही लिहा. दाखवता येत नसेल तर खोडा.

चरित्र नंतर, आणि बेतानं. डिसेंबर १८८८मध्ये त्याने डावा कान कापला. हे चित्र पुढच्या सप्टेंबरचं, दक्षिण फ्रान्समधल्या सँ-रेमीच्या मनोरुग्णालयातलं. आरशात पाहून काढल्याने बाजू उलटल्या आहेत. चित्रातल्या माणसाचा डावा वाटणारा कान हा त्याचा शाबूत उजवा कान. लिहिणारे इथे हमखास फसतात.

रंगवताना अडचण दाढीपाशी येते. तिचा नारिंगी आणि भोवतालचा निळा-हिरवा हे विरोधी रंग. शेजारी ठेवले तर दोन्ही उजळतात, ओले असताना मिसळले तर करडा चिखल होतो. तेलरंगात मध्ये केसभर कोरी जागा सोडा किंवा पार्श्वभूमी वाळेपर्यंत थांबा. ॲक्रिलिक लवकर वाळतो, त्यामुळे सुरुवातीला तोच बरा. रंग बदलताना कुंचला पुसा. टर्पेंटाइनने तेलरंग पातळ केलात तर फटकाऱ्याची उठावदार कड बसून जाते. (मोबाइलवर तर ही जाडी दिसतच नाही, मोठी छापील प्रत मिळवा.) आणि वळसेच हवेत असं नाही. तुमच्या चेहऱ्याभोवती फटकारे कुठल्या दिशेने जाणार हे आधी पेन्सिलीने ठरवा, मगच चेहऱ्याला हात लावा.